फेअरट्रेड, रेनफॉरेस्ट, डायरेक्ट ट्रेड की अराकू? छोट्या कॉफी शेतकऱ्यासाठी कुठलं पाकीट घ्यावं

आपण कॉफीला पैसे देतो त्यातला जास्तीत जास्त वाटा छोट्या शेतकऱ्याला मिळावा असं ज्यांना मनापासून वाटतं, पण दुकानात शेल्फसमोर उभं राहिल्यावर किंवा ऑनलाइन ऑर्डर करताना जे अडकतात की आता यातलं नेमकं घेऊ काय, त्यांच्यासाठी हा आढावा. कारण छाप आता खूप झालेत. एका पाकिटावर हात उंचावलेल्या माणसाचं फेअरट्रेडचं चिन्ह, दुसऱ्यावर हिरवा बेडूक, तिसऱ्यावर "डायरेक्ट ट्रेड", चौथ्यावर "आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी", आणि सगळ्यांचं म्हणणं एकच की आम्ही शेतकऱ्याचं भलं करतो. प्रत्येकाचं भलं करायचं माप मात्र वेगळं आहे, आणि ते समजून न घेता घेतलं तर पैसे जातात एका कामाला आणि आपल्याला वाटत राहतं दुसरंच.

मी तुलना करताना एक प्रश्न सगळ्यात आधी विचारते: भाव पडला की तोटा कोण सोसतं? बाकी चव, पर्यावरण, पॅकेजिंग हे सगळं नंतर. हा प्रश्न आधी का, तर कॉफीचा धंदाच तसा आहे. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. अरेबिकाचा भाव ठरतो न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात, रोबस्टाचा लंडनमध्ये, आणि झाड उभं असतं मेक्सिकोच्या, इथिओपियाच्या नाहीतर वायनाडच्या डोंगरात एक-दोन एकरांत. सोयाबीनचं कसं, यंदा भाव नाही मिळाला तर पुढच्या वर्षी तूर लावता येते. कॉफीचं झाड लावल्यावर पहिलं फळ धरायलाच तीन-चार वर्षं जातात, त्यामुळे भाव कोसळला म्हणून झाड उपटून टाकायचं म्हणजे आधीची सगळी वर्षं पाण्यात, आणि नाही उपटलं तर तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नाही अशी वर्षं काढावी लागतात.

आणि अशी वर्षं येतातच. १९८९ पर्यंत उत्पादक देश आणि घेणारे देश मिळून आंतरराष्ट्रीय कॉफी करारानुसार निर्यातीचा कोटा ठरवायचे, त्यामुळे भाव बऱ्यापैकी टिकून राहायचा. त्या वर्षीच्या जुलैमध्ये ती कोट्याची पद्धत मोडली आणि काही महिन्यांत भाव जवळपास निम्म्यावर आला. पुढे व्हिएतनाममधून रोबस्टाचा पूर आला, ब्राझीलचं उत्पादन वाढलं, आणि २००१ मध्ये तर अरेबिका पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेली. एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. मध्य अमेरिकेत लोक बागा सोडून शहरांकडे आणि सीमेपलीकडे निघाले. आपल्याकडे वायनाडमध्ये त्याच काळात कॉफी आणि मिरी दोन्हीचे भाव एकदम झोपले आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या यायला लागल्या. विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

आता एकेक पर्याय घेऊ.

फेअरट्रेड

याची सुरुवात झाली मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातल्या डोंगरात. तिथल्या झापोटेक आणि इतर आदिवासी शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात उसिरी नावाची आपली संस्था काढली होती, कारण गावात येणारा दलाल सांगेल तो भाव आणि त्याच्याच काट्यावर वजन, दुसरा रस्ताच नव्हता. त्यांच्यात राहणारे डच पाद्री फ्रान्स व्हान डर हॉफ आणि हॉलंडमधल्या सॉलिडारिदाद संस्थेचे निको रोझेन यांनी मिळून १९८८ मध्ये हॉलंडच्या दुकानांत मॅक्स हॅवेलार या नावाचा छाप असलेली कॉफी आणली. शेतकऱ्यांचं मागणं साधं होतं, दानधर्म नको, आमच्या मालाला भाव द्या. पुढे निरनिराळ्या देशांतले असे छाप १९९७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेखाली आले आणि आज दिसतं ते चिन्ह २००२ पासून वापरात आलं.

फेअरट्रेडचा कणा म्हणजे किमान भाव. आपल्या हमीभावासारखाच, फक्त इथे सरकार खरेदी करत नाही, छाप वापरायचा असेल तर घेणाऱ्या कंपनीवर तो भाव द्यायचं बंधन येतं. धुतलेल्या, म्हणजे फळाचा गर पाण्याने काढून मग वाळवलेल्या अरेबिकाला ऑगस्ट २०२३ मध्ये पौंडाला १.८० डॉलर हा किमान भाव ठरला. त्याआधी २०११ पासून १.४० होता. बाजार याच्या खाली गेला तरी १.८० द्यायचेच, आणि बाजार वर गेला तर बाजारभाव द्यायचा. त्यावर पौंडामागे २० सेंट प्रीमियम, म्हणजे संस्थेच्या सामायिक कामांसाठीची जास्तीची रक्कम, आणि माल सेंद्रिय असेल तर आणखी ४० सेंट.

हे कागदावर कोरडं वाटतं म्हणून २००१ चं गणित बघा. बाजारात पौंडाला ५० सेंटही मिळत नव्हते तेव्हा फेअरट्रेडचा भाव होता १.२१ डॉलर अधिक ५ सेंट प्रीमियम, म्हणजे १.२६, अडीचपट. ज्या संस्थांचा माल त्या भावाने गेला त्यांच्या सभासदांनी बागा राखल्या. पुन्हा २०१८-१९ मध्ये बाजार बराच काळ एका डॉलरच्या आसपास आणि खाली रेंगाळला तेव्हा किमान भाव १.४० होता. मी वर विचारलेल्या प्रश्नाला "घेणारा सोसतो" असं लेखी उत्तर देणारा या सगळ्या पर्यायांत मोठा असा हा एकच छाप आहे, आणि म्हणूनच माझ्या लेखी त्याचं वजन जास्त आहे.

दुसरी गोष्ट उचल. संस्थेने मागितली तर घेणाऱ्याने कराराच्या रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ द्यायची किंवा मिळवून द्यायला मदत करायची असते. ज्यांनी ऊस घातलाय त्यांना उचलीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तोडणीच्या हंगामात शेतकऱ्याला रोख पैसा लागतो, मजुरांना द्यायला, घरात किराणा भरायला, मुलांच्या फीला, आणि दलालाचं सगळं बळ नेमकं यातच असतं की तो दारात येऊन रोख देतो. संस्थेच्या हातात उचल असली की ती सभासदाला माल घातल्या दिवशी काहीतरी रक्कम देऊ शकते, नाहीतर सभासद कितीही निष्ठावान असला तरी माल दलालाकडेच जाणार, त्याला दोष कसा देणार.

तिसरी गोष्ट, या कॉफीत मोठे मळे नाहीत. आंतरराष्ट्रीय फेअरट्रेडची कॉफी फक्त छोट्या शेतकऱ्यांच्या लोकशाही पद्धतीने चालणाऱ्या संस्थांकडूनच घेता येते. प्रीमियमचं काय करायचं ते आमसभेत ठरतं, त्यातले पौंडामागे किमान ५ सेंट उत्पादन आणि दर्जा सुधारायला वापरायचे असतात, बाकीचे शाळेला, दवाखान्याला, गोदामाला नाहीतर थेट वाटून, त्यांचं ते ठरवतात. २०१२-१३ च्या सुमारास मध्य अमेरिकेत कॉफीवर तांबेऱ्याची भयंकर साथ आली होती, तेव्हा नवी रोपं लावायला अशा सामायिक पैशाचा आधार लागतो हे तिथल्या संस्थांनी अनुभवलं. एकट्या शेतकऱ्याला हे झेपण्यासारखं नसतं.

आता उणी बाजू, आणि ती लहान नाही.

पहिलं म्हणजे हा भाव बंदरावरचा, संस्थेला मिळणारा. त्यातून फळ सोलणं, वाळवणं, टरफल काढणं, वाहतूक, संस्थेचा कारभार, जुनं कर्ज हे सगळं वजा होऊन उरलं ते शेतकऱ्याच्या हातात. संस्था नीट चालली तर चांगलं उरतं, चेअरमन आणि मॅनेजरनी वाट लावली तर नाही उरत. सहकाराच्या दोन्ही तऱ्हा महाराष्ट्राने पाहिल्यात, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

दुसरं, आणि मला वाटतं हे सगळ्यात महत्त्वाचं, प्रमाणपत्र मिळालं म्हणून सगळा माल त्या भावाने विकला जात नाही. घेणारे जितकं मागतील तितकाच फेअरट्रेड म्हणून जातो, उरलेला साध्या बाजारात साध्या भावाने. पण तपासणीची फी, कागदपत्रं, नियम पाळायचा खर्च मात्र सगळ्या मालावर पडतो. ग्वाटेमालातल्या कॉफी संस्थांच्या बऱ्याच वर्षांच्या हिशोबांवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं, की मंदीच्या वर्षांत फायदा मोठा होता पण भाव चांगला म्हटल्यावर जास्त जास्त लोकांनी प्रमाणपत्र घेतलं, प्रत्येकाचा फेअरट्रेड म्हणून विकला जाणारा वाटा कमी झाला आणि सरासरी फायदा अगदी थोडा उरला. याचा उपाय शेतकऱ्याच्या हातात नाही, पाकीट घेणाऱ्याच्या हातात आहे. मागणी वाढली तरच तो वाटा वाढतो.

तिसरं, मजुरांचं. छोटा शेतकरीसुद्धा तोडणीला माणसं लावतो, आणि त्या माणसांपर्यंत हा पैसा फारसा पोचत नाही. कोस्टा रिकावर २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासात बागमालकांचं उत्पन्न वाढलेलं दिसलं, मधल्या व्यापाऱ्यांचं घटलं, आणि साध्या मजुरांच्या कमाईत फरक दिसला नाही. त्याआधी २०१४ मध्ये लंडनच्या सोआस संस्थेच्या संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडात पाहिलं तर फेअरट्रेड संस्था असलेल्या भागांतही मजुरांचे पगार जास्त नव्हते, काही ठिकाणी कमीच होते. तेव्हा तुमची कळकळ मुख्यतः मजुरांसाठी असेल तर फेअरट्रेड कॉफी घेऊन ते काम झालं असं समजू नका.

आणि महागाई. १.२१ हा भाव कित्येक वर्षं तसाच ठेवला होता, खत, मजुरी, डिझेल सगळं वाढत गेलं तरी. १.४० सुद्धा बारा वर्षं हलला नाही. हमीभाव उशिरा वाढला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

रेनफॉरेस्ट अलायन्स, म्हणजे बेडूक

हा छाप सध्या खूप ठिकाणी दिसतो, मोठ्या कंपन्यांच्या कॉफीवर जास्त. संस्था १९८७ ची, मुळात जंगल वाचवायला निघालेली, २०१८ मध्ये उट्झ नावाचा दुसरा मोठा छाप तिच्यात विलीन झाला. झाडं तोडू नयेत, सावली राखावी, पाणी खराब करू नये, ठरावीक कीटकनाशकं वापरू नयेत, बालमजूर नकोत, असे नियम असतात आणि ते चांगलेच आहेत. मळा पाचशे एकरांचा असला तरी चालतो, छोट्या शेतकऱ्यांचा गट असला तरी चालतो.

पण किमान भाव नाही. घेणाऱ्याने बाजारभावावर काहीतरी जास्तीची रक्कम द्यायची असं नव्या नियमांत आहे, कॉफीसाठी ती रक्कम किती ते दोघांनी ठरवायचं. बाजार ५० सेंटवर गेला तर शेतकऱ्याला मिळणार ५० सेंट आणि वर थोडंसं. त्यामुळे भाव पडल्यावर कोण सोसतं याचं उत्तर इथे शेतकरीच. एक मात्र खरं की मजुरांच्या राहण्याचे, पिण्याच्या पाण्याचे, फवारणीच्या वेळच्या सुरक्षेचे नियम मोठ्या मळ्यांना लागू होतात आणि तपासले जातात, म्हणजे ज्या मजुरांचा प्रश्न फेअरट्रेडमध्ये सुटत नाही त्यांना इथे थोडा आधार मिळू शकतो. जंगल आणि पक्षी हा तुमचा पहिला मुद्दा असेल तर बेडूक घ्या. शेतकऱ्याचं उत्पन्न हा मुद्दा असेल तर त्याचा नंबर माझ्या यादीत खाली आहे.

डायरेक्ट ट्रेड

मुंबई-पुणे-बेंगळुरूच्या नव्या रोस्टरांमुळे हा शब्द आपल्याकडे आला. रोस्टर म्हणजे हिरवी कॉफी घेऊन भाजणारा. तो स्वतः बागेत जातो, चव घेऊन लॉट निवडतो, मधले दोन-तीन हात वगळतो आणि बाजारापेक्षा बराच जास्त भाव देतो, कधी कधी फेअरट्रेडच्या किमान भावापेक्षाही कितीतरी वर. नुसता भाव बघितला तर इथे शेतकऱ्याला सगळ्यात जास्त मिळू शकतं हे मान्य करायलाच हवं. शिवाय दर्जाला पैसा मिळतो. पिकलेली लाल फळंच निवडून तोडली, नीट वाळवली, त्याचा मोबदला मिळाला की शेतकऱ्याला हुरूप येतो. फेअरट्रेडमध्ये हा भाग कच्चा राहतो कारण किमान भाव चांगल्या आणि बऱ्या मालाला सारखाच.

अडचण अशी की "डायरेक्ट ट्रेड" या शब्दाला कोणी मालक नाही. तपासणी नाही, नियमावली नाही, किती भाव दिला ते सांगायचं बंधन नाही. एखादा रोस्टर मनापासून करतो, दुसरा एकदा बागेत जाऊन फोटो काढतो आणि तोच शब्द छापतो. पुढच्या वर्षी चव जमली नाही किंवा दुसरी बाग आवडली तर शेतकऱ्याला काही हक्क नाही.

आणि भारतात तर आणखी एक मुद्दा येतो. आपल्या स्पेशालिटी, म्हणजे चवीसाठी निवडलेल्या उंची कॉफीच्या पाकिटांवर जी नावं असतात त्यातली पुष्कळशी चिकमगळूर-कोडगूच्या मोठ्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या एस्टेट्सची. कॉफी उत्तम असते, त्यातले काही मळेवाले जंगल आणि कामगार दोन्ही नीट सांभाळतात, मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ते छोटे शेतकरी नव्हेत. ज्याच्याकडे दोन एकर आहे त्याच्याकडे फळ सोलायचा पल्पर नसतो, वाळवायला नीट खळं नसतं, वेगळा लॉट म्हणून विकता येईल इतका मालच नसतो, तो फळं वाळवून गावच्या व्यापाऱ्याला पोत्याच्या भावाने देतो. भारतातले ९८ टक्क्यांहून जास्त कॉफी बागायतदार छोटे आहेत, कॉफी बोर्डाच्या व्याख्येत १० हेक्टरपर्यंतचे, आणि त्यातले बहुतेक याहून खूपच छोटे. "सिंगल एस्टेट" वाचून त्यांना मदत झाली असं धरू नका. अपवाद आहेत, ब्लॅक बाझा कॉफी कर्नाटकातल्या बीआर हिल्सच्या सोलिगा आदिवासी उत्पादकांकडून जंगलातल्या सावलीतली कॉफी घेते, तसं काही सापडलं तर नक्की घ्या.

अराकू, वायनाड आणि आपल्याकडचे रस्ते

खरं सांगायचं तर महाराष्ट्रात बसून फेअरट्रेडचा छाप शोधायला निघालात तर दुकानात क्वचितच सापडेल, कारण भारताची बरीचशी, साधारण ७० टक्के, कॉफी निर्यात होते आणि भारतातली फेअरट्रेड कॉफीही मुख्यतः बाहेरच जाते. म्हणून इथल्या माणसाला तुलना थोडी वेगळी करावी लागते.

अराकू घ्या. आंध्रच्या पूर्व घाटातला हा भाग आता अल्लुरी सीताराम राजू जिल्ह्यात येतो. इथले आदिवासी शेतकरी एक-दोन एकरांवर, सिल्व्हर ओकच्या सावलीत, त्यावर मिरीचे वेल चढवून अरेबिका घेतात. मिरी महत्त्वाची, कॉफीचा भाव पडला तर दुसरं उत्पन्न तिथून येतं. इथे खरेदी करणारे दोन मोठे आहेत. एक सरकारी, गिरिजन सहकारी महामंडळ, १९५६ पासूनचं, जे दर हंगामाला खरेदीचा भाव जाहीर करतं आणि "अराकू व्हॅली कॉफी" विकतं. दुसरं नांदी फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या कामातून उभं राहिलेलं, छोट्या आदिवासी शेतकऱ्यांची २००७ मधली सहकारी संस्था आणि त्यावर "अराकू" हा महागडा ब्रँड, ज्याचं पॅरिसमध्ये २०१७ ला दुकान उघडलं. अराकूच्या अरेबिकाला २०१९ मध्ये जीआय मानांकनही मिळालं, त्याच वर्षी कोडगू, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि वायनाडच्या कॉफीलाही मिळालं.

दोघांत माझा कल? महामंडळाचा जाहीर भाव हा हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांना कळतो, त्यामुळे खासगी व्यापाऱ्यालाही त्याच्या जवळपास यावंच लागतं, म्हणजे ज्याने महामंडळाला माल घातला नाही त्याचाही फायदा होतो. हे फार मोठं काम आहे आणि त्याचं पाकीट स्वस्त असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. नांदीच्या बाजूला दर्जा, माती, प्रशिक्षण यावर मेहनत जास्त आणि जगाच्या बाजारात आदिवासी शेतकऱ्याच्या कॉफीला मान मिळवून दिला हे छोटं काम नाही. रोजच्या फिल्टरला पहिली, चव घेऊन प्यायला दुसरी, असं मी सुचवेन. फक्त एक लक्षात ठेवा, जीआय मानांकन म्हणजे माल त्या भागातला एवढीच खात्री, शेतकऱ्याला काय भाव दिला याबद्दल ते काही सांगत नाही.

वायनाड-कण्णूर भागात फेअर ट्रेड अलायन्स केरळ ही छोट्या शेतकऱ्यांची संघटना आहे, २००१ च्या सुमाराच्या त्या भावाच्या पडझडीनंतरच्या काळात उभी राहिलेली. त्यांची शेती म्हणजे कॉफी, काजू, मिरी, नारळ, आलं असं सगळं एकत्र, आणि माल फेअरट्रेड म्हणून युरोप-अमेरिकेत जातो. परदेशात राहणाऱ्यांना भारतीय छोट्या शेतकऱ्याचा माल घ्यायचा असेल तर "केरळ" आणि फेअरट्रेड दोन्ही लिहिलेलं शोधायला हरकत नाही, कॉफी नाही मिळाली तर काजू मिळेल.

आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते, महाराष्ट्रात कॉफीसाठी हेच ठिकाण ओळखलं जातं. माल अगदी थोडा, त्यामुळे मेळघाटात गेलात तर तिथेच घ्या, यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

आणि जे रोज साधी फिल्टर पावडर घेतात त्यांनी पाकिटावर चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं प्रमाण वाचा, ते लिहावंच लागतं. मिश्रणात कॉफी कमीत कमी ५१ टक्के असली की चालतं, म्हणजे जवळपास निम्मी पावडर चिकोरीची असू शकते. चिकोरी गुजरात आणि उत्तर प्रदेशात होते, तोही शेतकरीच आहे, त्यात वाईट काही नाही, पण कॉफीच्या शेतकऱ्याला मदत म्हणून घेत असाल तर ८०-२० किंवा शुद्ध घ्या.

पाकिटामागे रुपये किती?

डॉलर ८५ रुपये धरून हिशोब करू. भाजताना वजन घटतं, त्यामुळे २५० ग्रॅमच्या पाकिटाला साधारण ३०० ग्रॅम हिरवी कॉफी लागते. फेअरट्रेडचा १.८० डॉलर हा किमान भाव किलोला ३३७ रुपयांच्या आसपास पडतो, म्हणजे पाकिटामागे १०० रुपये. प्रीमियम पाकिटामागे फक्त ११ रुपये. स्पेशालिटीचं पाकीट ५०० च्या आसपास मिळतं हे लक्षात घेतलं तर कळेल की फेअरट्रेड पाकीट साध्यापेक्षा शंभर-दीडशेने महाग असेल तर तो सगळा फरक शेतकऱ्याकडे चाललेला नाही, दुकान आणि ब्रँडकडेही चाललाय. पण ते ११ रुपये हजारो पाकिटांचे मिळून एका संस्थेच्या खात्यात येतात तेव्हा त्यातून वाळवणीचं खळं होतं, आणि खळं असलं की पुढच्या हंगामाचा माल चांगल्या भावाने जातो.

२०२४-२५ मध्ये तर भाव चढले होते. लंडनमध्ये रोबस्टा २०२४ च्या सप्टेंबरात टनाला ५,००० डॉलरच्या वर गेली, अरेबिका २०२५ च्या फेब्रुवारीत पौंडाला ४ डॉलरच्या वर. मग किमान भावाचा उपयोग काय असं कोणीही विचारेल. अशा वर्षांत उलटी अडचण होते, संस्थेने आधीच ठरलेल्या भावाने करार केलेला असतो, गावात दलाल जास्त रोख घेऊन येतो आणि सभासद तिकडे वळतात, कोलंबियात २०२१ च्या भाववाढीत असं बऱ्याच ठिकाणी झालं. तेव्हा संस्थेला उचल आणि टिकाऊ गिऱ्हाईक यांचाच आधार असतो. पण ज्या वर्षी भाव चांगला त्याच वर्षी सगळे नव्या बागा लावतात, आणि त्या चार वर्षांनी फळाला येतात. पुढची मंदी अशीच तयार होते, आणि तेव्हा खाली टेकू असलेल्या संस्था शिल्लक हव्यात तर त्यांचा माल आत्ताही विकत घ्यावा लागेल.

मग कोणी काय घ्यावं

इंग्लंडमध्ये असाल तर काम सोपं आहे. तिथे को-ऑप दुकानांच्या स्वतःच्या नावाची सगळी कॉफी २००३ पासून फेअरट्रेड आहे, भाव परवडणारा, शोधाशोध नाही, रोजच्यासाठी तीच घ्या.

अमेरिकेत जरा जपून. तिथली फेअर ट्रेड यूएसए ही संस्था २०११ च्या शेवटी आंतरराष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडली आणि तिने कॉफीत मोठ्या मळ्यांनाही छाप द्यायला सुरुवात केली. म्हणून "फेअर ट्रेड सर्टिफाइड" आणि हात उंचावलेल्या माणसाचं "फेअरट्रेड" हे दोन वेगळे छाप आहेत, छोट्या शेतकऱ्यासाठी घेत असाल तर दुसरा. लॅटिन अमेरिकेतल्या शेतकरी संस्थांनी २००६ मध्ये स्वतःचा छोट्या उत्पादकांचा छापही काढलाय, एसपीपी, तो दिसला तर बिनधास्त घ्या. शिवाय इक्वल एक्सचेंज म्हणून १९८६ पासूनची कामगारांच्या मालकीची सहकारी कंपनी आहे, छोट्या शेतकऱ्यांच्या संस्थांकडूनच कॉफी घ्यायचं हे त्यांनी पहिल्यापासून धरून ठेवलंय. न्यू जर्सी-बॉस्टनकडच्या मंडळांना कार्यक्रमासाठी मोठ्या प्रमाणात कॉफी लागते, त्यांनी तिथून मागवावी असं मला मनापासून वाटतं, कारण एका घराच्या पाकिटापेक्षा अशा ऑर्डरने संस्थेचा फेअरट्रेड म्हणून विकला जाणारा वाटा जास्त हलतो.

पुण्या-मुंबईत, नागपुरात, पणजीत असाल तर रोजच्यासाठी अराकूची, आणि हौसेची कॉफी घ्यायची तर रोस्टरला एक मेल टाका. विचारा की ही कॉफी मळ्याची की गटाची, गटाची असेल तर किती शेतकरी, त्यांना चेरीचा, म्हणजे ताज्या फळाचा, किलोला काय भाव दिला, आणि त्याच लोकांकडून सलग किती वर्षं घेताय. मनापासून काम करणारे रोस्टर असल्या प्रश्नांना आनंदाने, आकड्यांसकट उत्तर देतात. "आम्ही शेतकऱ्यांशी नातं जपतो" एवढंच उत्तर आलं तर दुसऱ्या रोस्टरकडे जा.

ऑफिसच्या पँट्रीचं कंत्राट ज्यांच्या हातात आहे त्यांना तर माझी विनंतीच आहे. मशीनमधल्या कॉफीचा ब्रँड ठरवताना चव आणि दर याबरोबर कॉफी कुठल्या गटाची हा रकानाही कोटेशनमध्ये घाला, आणि करार एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा करता येतो का बघा.